तिसावा पाठ

फोन वाजला तेव्हा मी एका कॉइलचा एकशे बारावा टर्न घालत होतो. मोटर रिवाइंडिंगचं काम असं असतं, की मोजणी चुकली तर सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मी हात थांबवला, खडूनं फळीवर ११२ लिहिलं आणि मग फोन घेतला.

"दाजी, सरकारी दवाखान्यात या," तबस्सुम म्हणाली. तबस्सुम शेख ही माझ्या बायकोची बी.एड.ची मैत्रीण.

"काय झालं?"

"हेमाताई कॉलेजच्या जिन्यात पडल्या. तुम्ही या."

"पाय मोडला का?"

ती म्हणाली, "गाडी हळू चालवा."

पाय मोडलेल्या बाईच्या नवऱ्याला कोणी गाडी हळू चालवा म्हणत नाही. मला तिथंच कळलं. पुढे डॉक्टरांनी डोक्यातली शीर फुटल्याचं सांगितलं, त्यात फक्त कारण नवीन होतं. हेमलता छत्तीस वर्षांची होती. नर्सनं तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत टाचणवही, चष्म्याचं घर, अर्धा खाल्लेला डबा आणि तांब्याच्या तारेचे तुकडे होते.

"हे काय?" नर्सनं तुकडे पाहून विचारलं.

"शाळेचं आहे," मी म्हणालो.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

आम्हाला मूलबाळ नाही. लग्नानंतर तिनं बाहेरून बी.ए. केलं आणि चौतिसाव्या वर्षी बी.एड.ला नाव घातलं. मी दहावी नापास. गणितात. बार्शीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्याच मागे दोन खोल्यांचं घर. बी.एड.मध्ये पाठ घ्यावे लागतात हे मला तेव्हा कळलं. होणारी शिक्षिका खऱ्या शाळेत जाऊन शिकवते, मागच्या बाकावर कॉलेजची मॅडम बसते, काय चुकलं ते लिहिते आणि खाली सही करते. हेमलताच्या कॉलेजात असे तीस पाठ होते.

"तिसावी सही झाली की मला बाई म्हणायचं," ती मला म्हणायची.

"पोरं म्हणतातच की."

"पोरांचं सोडा. तुम्ही म्हणायचं. तोवर हेमाच."

प्रत्येक पाठ ती आधी माझ्यावर घ्यायची. तिचं म्हणणं, "तुम्हाला कळलं म्हणजे वर्गात कुणालाही कळेल." मी राग मानायचो नाही. खरंच होतं ते.

कॉम्प्युटरवरचा पहिला पाठ तिनं तबस्सुमच्या मदतीनं तयार केला होता. त्यात अक्षरं चारी बाजूंनी उडत यायची, गोल फिरायची आणि मग जागेवर बसायची. घरी मला दाखवला.

"कसा वाटला?"

"चांगला. फिरतंय छान."

"विषय काय होता?"

मला सांगता आलं नाही. पाठ पानांच्या प्रकारांचा होता. शाळेतही तसंच झालं. मागच्या बाकावर बसलेल्या नलावडे मॅडमनी वहीत लिहिलं, 'अक्षरे स्थिर ठेवावीत.' त्या रात्री ती जेवताना म्हणाली, "एवढा चार दिवस खपून केलेला पाठ, आणि चार शब्दांत निकाल." प्रत्यक्षात ते तीनच शब्द होते, पण मी बोललो नाही.

त्यानंतर तिनं उडणारी अक्षरं बंद केली. शेवटचा, तिसावा पाठ तंत्रज्ञानाचा होता. कॉलेजनं एक छापील कागद दिला होता. त्यात नियम होते. तिनं ठरवलं, फोनवर स्वतःचा व्हिडिओ करायचा. पाचवीचा वर्ग, अपूर्णांकांची तुलना.

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" तिनं मला विचारलं.

"चतुर्थांश."

"का?"

"चार मोठे ना तिनापेक्षा."

"पोरंही हेच म्हणतात," ती म्हणाली. मग दुकानात आली. भिंतीवर तारेच्या रिळी टांगलेल्या असतात. तिनं विचारलं, "यात जाड तार कोणती?"

"अठरा नंबर."

"आणि ही तीस नंबर?"

"ती केसासारखी. नंबर वाढला की तार बारीक होते."

"मग तुम्हाला चतुर्थांश का कळत नाही?"

मी रिळींकडे बघत राहिलो. वीस वर्षं मी ते काम करत होतो. खालचा आकडा मोठा, वाटा बारीक. मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "झाला माझा पाठ."

शूटिंग रविवारी केलं, कारण शेजारची पिठाची गिरणी रविवारी बंद असते. पंख्याच्या जुन्या दांड्याला क्लॅम्प बसवून मी फोनचं स्टँड केलं होतं. ती फळ्यासमोर उभी राहिली, मी फोनच्या मागे.

"ऐका," ती म्हणाली. "मी प्रश्न विचारणार. तुम्ही बोलायचं नाही, आवाज येतो. मनात उत्तर काढायचं आणि आलं की मान हलवायची. तेवढा वेळ मी थांबणार. मग 'बरोबर' म्हणून पुढे जाणार."

"आणि माझं चुकलं असलं तर?"

"मला काय कळणार? मी बरोबरच म्हणणार."

दोन तास लागले. फळ्यावरचं पुसायचं, पुन्हा लिहायचं. शेवटचा प्रश्न होता, दोन पंचमांश मोठा की तीन अष्टमांश. इथं रिळीचा नियम लागत नव्हता, कारण वरचे आकडेही वेगळे. मी मनात काढत राहिलो. ती माझ्याकडे बघत थांबली. मी मान हलवली नाही. बराच वेळ गेला. मग ती हसली आणि तिनं पाठातच काही वाक्यं बदलली. फोन बंद केल्यावर मी म्हणालो, "पुन्हा घेऊ. या वेळी मी नुसती मान हलवतो."

"नको. राहू दे तसंच."

ही गोष्ट रविवारची. ती मंगळवारी गेली.

तेरावं झाल्यावर कॉलेजचा शिपाई तिची लायब्ररीची पुस्तकं न्यायला आला. पुस्तकं शोधताना मला पाठांची निरीक्षण वही सापडली. एकोणतीस पानांवर सह्या होत्या. तिसाव्या पानावर वर तिच्या अक्षरात 'पाठ क्र. ३०, इयत्ता पाचवी ब' आणि तारीख होती. तारीख पुढच्या आठवड्याची होती.

मी वही आणि फोन घेऊन कॉलेजात गेलो. प्राचार्य देशमाने सर भले माणूस. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"सर, हिचा एक पाठ राहिलाय."

"हो. फार हुशार होत्या. वाईट झालं."

"शुक्रवारी आहे. तो घ्यायचाय."

सरांना वाटलं मला नीट बोलता येत नाहीये. ते हळू आवाजात म्हणाले, "क्षीरसागर, पाठ घ्यायला त्या नाहीत आता."

"पाठ फोनमध्ये आहे. मी लावतो."

"तसं चालत नाही. विद्यार्थी-शिक्षक हजर लागतो."

मी छापील कागद काढला आणि वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'शिक्षक प्रत्यक्ष उपस्थित नसतानाही विद्यार्थ्यांना शिकता येईल असे साधन तयार करून वर्गात वापरावे.'

सरांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का पाहिलं. मागे कोरं होतं.

"याचा अर्थ असा नाही हो."

"मग कसा आहे?"

सर खुर्चीत मागे टेकले. "परीक्षा नाही, निकाल नाही. तुम्हाला सर्टिफिकेट मिळणार नाही, क्षीरसागर."

"सर्टिफिकेट नको. तीस पाठ झाले एवढं वहीत आलं पाहिजे. एक सही."

त्यांनी नलावडे मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम उंच, पांढऱ्या केसांच्या, कधी हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं, कागद वाचला.

"नियमात बसतंय," त्या म्हणाल्या. "पण मी पाठ पाहीन तसा पाहीन. चुका लिहीन."

"लिहा," मी म्हणालो.

"आणि सगळे टप्पे झाले तरच सही."

"हो."

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी शाळेत गेलो. तबस्सुम आली होती. तिनं प्रोजेक्टर जोडून दिला, स्पीकर लावला, खिडक्यांना काळं कापड बांधलं आणि दाराजवळ उभी राहिली. वर्गात तीस पोरं. हेमलतानं त्यांना आधी सहा पाठ शिकवले होते, त्यामुळे ती त्यांच्या ओळखीची होती. शाळेनं त्यांना झालेलं सांगितलं होतं. नलावडे मॅडम मागच्या बाकावर बसल्या. मी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या बाकावर बसलो, कारण फोनची वायर तिथपर्यंतच येत होती.

मी सुरू केलं. भिंतीवर हेमलता आली. मागे आमचा फळा, कोपऱ्यात दुकानातल्या कॅलेंडरचं टोक.

"मुलांनो, बसा," ती म्हणाली. पोरं बसलेलीच होती, तरी काही उठून पुन्हा बसली.

तिनं दोन तारा दाखवल्या. "ही अठरा नंबरची, ही तीस नंबरची. यात जाड कोणती? बरोबर!"

पोरांनी तोंड उघडायच्या आत ती बरोबर म्हणाली होती. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"कुणी सांगितलं?" एकानं विचारलं.

"मी नाय."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. या प्रश्नाला घरी मला विचार करावाच लागला नव्हता. विचारल्याबरोबर मी मान हलवली होती.

पुढं सगळं समजावून तिनं विचारलं, "आता सांगा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"एक तृतीयांऽश!" सगळा वर्ग एकदम ओरडला. त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत.

भिंतीवर हेमलता काही बोलली नाही. ती समोर बघत उभी होती.

"एक तृतीयांश, बाई!" पोरं पुन्हा ओरडली.

ती तशीच उभी.

"हँग झालं," पुढच्या बाकावरचा एक म्हणाला.

"नेट गेलं आसंल."

"आरं फोनातलंय, नेट कशाला लागतंय त्याला?"

"मग बाई हँग झाल्या."

दोन-चार जण हसले. तबस्सुमनं माझ्याकडे पाहिलं आणि दुरूनच बोटानं खूण केली, पुढं सरकवा म्हणून. माझा हात फोनवर गेला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "हँग नाय झाल्या. पापण्या हलत्यात की."

सगळी पोरं भिंतीवर तिच्या पापण्या बघू लागली. खरंच हलत होत्या. ती थांबली होती. घाई नव्हती तिला. ती फोनच्या थोडं वर, जिथं त्या दिवशी माझं तोंड होतं, तिथं बघत होती.

मी हात फोनवरून काढला. मी मान हलवली.

"बरोबर!" भिंतीवरची हेमलता म्हणाली.

तीसच्या तीस पोरं मागं वळून माझ्याकडे बघायला लागली. नलावडे मॅडमनीही पाहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढचे चार प्रश्न तसेच झाले. पोरं ओरडायची, मग गप्प राहून माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो आणि ती बरोबर म्हणायची. माझा वेळ मला पाठ होता. तिसऱ्या प्रश्नाला एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "त्या काकांना येईपर्यंत थांबायचं असतंय."

शेवटचा प्रश्न आला. "दोन पंचमांश मोठा की तीन अष्टमांश?"

या वेळी पोरंही गप्प. काही जण बोटं मोजत होते. भिंतीवरची हेमलताही गप्प. मीही. मिनिटभर वर्गात फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज होता. पोरं माझ्याकडे बघत होती, पण मला त्या दिवशी आलं नव्हतं आणि त्या शुक्रवारीही येत नव्हतं. मी मान हलवली नाही.

मग ती हसली.

"असू दे. लगेच नाही जमत सगळ्यांना. त्यात लाजायचं काही नाही. घरी करा, कागदावर लिहून आणा. उद्या मी तपासते."

व्हिडिओ संपला. भिंत निळी झाली.

"उद्या कोण तपासणार?" मघाच्याच मुलीनं विचारलं. तिनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, कुणा एकाला नाही.

"मी नेईन कागद," मी म्हणालो.

"तुम्हाला येतंय का?"

"नाही."

"मग?"

"शिकतो."

तास संपल्यावर मी निरीक्षण वही मॅडमसमोर ठेवली. त्यांनी पान भरलेलं होतं. 'उदाहरण परिसरातले, उत्तम. पहिल्या प्रश्नानंतर वेळ अपुरा. इतर प्रश्नांनंतर थांबण्याचा कालावधी' एवढं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.

"हे अर्धं राहिलंय," मी म्हणालो.

"जास्त, असं लिहिणार होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही कॅमेऱ्यामागं होता?"

"हो."

त्यांनी चष्मा घातला आणि मोकळ्या जागेत शब्द लिहिला. 'योग्य.' मी सहीची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शेवटचा टप्पा गृहपाठ तपासणी आहे. तो झाल्याशिवाय पाठ पूर्ण होत नाही. कागद तपासून आणा, मग सही करते."

"मॅडम, कुणाकडूनही तपासून घेतले तर..." तबस्सुम दारातून म्हणाली.

"कुणाकडूनही नाही. यांनी म्हटलंय वर्गासमोर."

सोमवारी शाळेतून तीस कागदांचा गठ्ठा मिळाला. आठ दिवस दुकान अर्धा दिवसच उघडलं. तबस्सुम सांगायला तयार होती, मी नको म्हणालो. मी एक मीटर तार कापली. तिचे पाच सारखे भाग करून दोन घेतले. चाळीस सेंटिमीटर. दुसरी एक मीटर कापली, आठ भाग केले, तीन घेतले. साडेसदतीस. दोन्ही फळीवर शेजारी ठेवल्या. अडीच सेंटिमीटरचा फरक दिसत होता, तरी मी पुन्हा मोजलं. फळीच्या कडेला अजून ११२ लिहिलेलं होतं. ती कॉइल मी नंतर पूर्ण करून दिली होती, पण आकडा पुसला नव्हता.

मग मी दुकानातली लाल पेन्सिल घेऊन कागद तपासले. चौदा बरोबर होते. एकानं लिहिलं होतं, 'दोन्ही सारखे, कारण पप्पा म्हणाले सारखे.' त्याला मी दोन तारा चिकटपट्टीनं कागदावर लावून दिल्या. एका मुलीनं आधी चूक उत्तर लिहून ते खोडून बरोबर लिहिलं होतं. तिला पूर्ण मार्क दिले. बरोबर असेल तिथं काय लिहायचं ते मला माहीत होतं. 'बरोबर' लिहिलं.

गठ्ठा घेऊन कॉलेजात गेलो. नलावडे मॅडमनी एक एक कागद उलटून पाहिला. शेवटी थांबल्या.

"पट तीस आहे. हे एकतीस आहेत."

"एक माझा आहे."

त्यांनी तो वर काढला. वर मी रीतसर लिहिलं होतं. नाव, भानुदास क्षीरसागर. इयत्ता पाचवी ब. विषय गणित. शिक्षिकेचं नाव, हेमलताबाई. खाली दोन पंचमांश, तीन अष्टमांश आणि उत्तर.

त्यांनी तो पूर्ण वाचला. टेबलावरचं लाल पेन उचललं, हातात धरलं आणि परत ठेवलं.

"हा माझा विद्यार्थी नाही," त्या म्हणाल्या. माझा कागद त्यांनी मला परत दिला आणि वहीच्या तिसाव्या पानावर सही केली. खाली तारीख घातली.

वही घरात कपाटात आहे, तीसही सह्यांची. पोरांचे कागद मी शाळेत देऊन टाकले, ती पोरं आता नोकरी-धंद्याच्या वयाला आली. खिडकीजवळची ती मुलगी मागच्या वर्षी पंप घेऊन आली होती, माझं नाव विसरली होती, मान हलवणारे काका म्हणून ओळखलं.

माझा कागद वहीतच ठेवला आहे. तो तपासायचा राहिला आहे.